आधी वाचावे, मग सही करावी

मंडळी, अक्षरओळख झाली म्हणजे माणूस प्रथम काय वाचतो? एसटीवरची पाटी वाचतो. दुकानाची पाटी वाचतो. मग हळूहळू बाजार समितीतली हिशेबपट्टी वाचू लागतो. टोमॅटोचे क्रेट किती गेले, भाव काय लागला, हमाली आणि तोलाई किती कापली, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पिंपळगावच्या बाजारात ज्याला पट्टी वाचता येते, त्याला सहसा कोणी फसवत नाही. सोसायटीच्या कर्जाचा कागद, सातबाराचा उतारा, हेही आपण आता अक्षर लावून वाचू लागलो आहोत.

आज एका निराळ्या कागदाची ओळख करून घेऊ. हा कागद दवाखान्यात मिळतो. त्याचे नाव संमतीपत्र. संमती म्हणजे होकार.

समजा, घरातल्या कर्त्या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. घरच्यांनी त्याला मुंबईस नेले. तेथे डॉक्टरांनी पाच-दहा पानांचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडे एक चाचणी चालू आहे. तुमची इच्छा असेल तर भाग घ्या. कागद नीट वाचा, मग सांगा." आता घरची माणसे गडबडतात. एक म्हणतो, "आपल्यावर प्रयोग करणार हे! चला घरी." दुसरा म्हणतो, "एवढे मोठे डॉक्टर सांगतात, देऊन टाका अंगठा." दोघांनीही कागद वाचलेला नसतो. एकाने न वाचता नाही म्हटले, दुसऱ्याने न वाचता हो म्हटले. आमच्या मते दोघेही सारखेच चुकले.

म्हणून ही चाचणी म्हणजे काय, ती का करतात, आणि तिच्यात आपला हक्क कोणता, ते या पाठात पाहू.

१. हा रोग कोणता?

आपल्या छातीत दोन फुप्फुसे असतात. लोहाराच्या भात्याप्रमाणे ती हवा आत घेतात आणि बाहेर सोडतात. घर जसे विटांचे, तसे शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम हिशेबात चालते. कधी कधी हा हिशेब बिघडतो. पेशी गरज नसताना वाढत सुटतात, त्यांची गाठ होते, आणि गाठीतल्या पेशी रक्तावाटे दुसरीकडे जाऊन तेथेही घर करतात. याला कर्करोग म्हणतात. कॅन्सर तो हाच.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट. परंतु ज्यांनी जन्मात विडी ओढली नाही, अशांनाही तो होतो. घरातल्या दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर, काही कारखान्यांतली धूळ, हीही कारणे आहेत. म्हणून रोग झालेल्या माणसाला "तूच ओढवून घेतलेस" असे म्हणू नये. तो आधीच दुःखात असतो.

लक्षणे कोणती? खोकला तीन आठवडे झाले तरी हटत नाही. थुंकीत रक्त येते. वजन उतरते. थोडे चालले की दम लागतो. आवाज बसतो तो सुटत नाही. छातीत दुखते.

येथेच एक मोठी अडचण आहे. हीच लक्षणे क्षयाची, म्हणजे टीबीचीही आहेत. आपल्या देशात टीबी पुष्कळ. छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि तो येणे बरोबरही आहे. परंतु थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, नुसत्या फोटोवरून गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांनी काहीच उतार पडला नाही, तर तेथे थांबू नये. डॉक्टरांना विचारावे, "पुढची तपासणी करायची का?" थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. कर्करोगाचा संशय असला तर सीटी स्कॅन काढतात आणि गाठीचा बारीक तुकडा काढून तो तपासतात. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाची खात्री होत नाही. "तुकडा काढला की रोग पसरतो" असे लोक बोलतात. त्या बोलण्याने पुष्कळांचा मोलाचा वेळ गेला आहे.

२. परळचे रुग्णालय

नाशिक जिल्ह्यातल्या माणसांना टाटा रुग्णालयाचे नाव परके नाही. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते बांधले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. नाशिकरोडला गाडी धरून दादरला उतरायचे, आणि तेथून परळ गाठायचे, ही वाट आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांनी तुडवली आहे. दादरला श्री गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तेथे आसरा मिळतो. आता नाशिक शहरातही कर्करोगावर उपचार होतात.

टाटा रुग्णालयात रोग्यांवर उपचार होतात, नवे डॉक्टर तयार होतात, आणि तिसरे काम म्हणजे कोणता उपचार अधिक चांगला, याचा शोध चालतो. हा शोध ज्या रीतीने घेतात, तिला औषधाची चाचणी म्हणतात. डॉक्टर लोक तिला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. नाव परके असले तरी रीत आपल्या ओळखीची आहे. कशी, ते पाहा.

३. बागेतली चाचणी

समजा, द्राक्षबागेवर भुरी आली. दुकानदाराने एक नवे औषध दिले. तुम्ही ते सगळ्या बागेवर मारले. आठ दिवसांनी भुरी कमी झाली. आता सांगा, भुरी औषधाने गेली, की हवा बदलली म्हणून गेली? छातीवर हात ठेवून सांगता येईल का? नाही येणार.

जाणता बागाईतदार काय करील? काही ओळींवर नवे औषध मारील आणि बाकीच्या ओळींवर नेहमीचे मारील. छाटणी एकाच दिवसाची, पाणी सारखे, खत सारखे. मग दोन्हींकडचे घड ताडून पाहील. फरक दिसला तर तो औषधाचा, असे मग म्हणता येते.

यातही एक मेख आहे. नवे औषध त्याने चांगल्या जमिनीतल्या ओळींवर मारले आणि नेहमीचे खडकाळ कडेच्या ओळींवर मारले, तर? तर नवे औषध मुळातच जिंकणार. ती जमिनीची करामत असेल. म्हणून कोणत्या ओळीला कोणते औषध, हे मालकाने ठरवू नये. चिठ्ठ्या टाकाव्या. चिठ्ठीला कोणाची ओढ नसते.

माणसांच्या चाचणीत हेच करतात. रोग्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला आजवरचा सर्वांत चांगला ठरलेला उपचार देतात, दुसऱ्याला नवा उपचार देतात. कोण कोणत्या गटात जाईल, ते डॉक्टर ठरवत नाहीत. पूर्वी चिठ्ठ्या काढीत, आता संगणक चिठ्ठी काढतो. तरुण रोगी एकीकडे आणि म्हातारे दुसरीकडे, असा पक्षपात मग होत नाही.

आपल्या देशात ही रीत जुनी आहे. १९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, टीबीची एक मोठी चाचणी सुरू झाली. तेव्हा समज असा होता की टीबी झाला म्हणजे माणसाला घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये ठेवावे, चांगलेचुंगले खाऊ घालावे, तरच तो बरा होईल. गरिबाला हे कोठून परवडणार? डॉक्टरांनी चिठ्ठीने दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपल्या घरी. औषध दोघांना सारखे. शेवटी दिसले ते हे की घरी औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही झाली नाही. आज टीबीचा रोगी आपल्या घरी राहून गोळ्या घेतो. ही सोय त्या चाचणीतल्या गरीब माणसांमुळे सगळ्या जगाला मिळाली.

४. परळची एक चाचणी

आता फुप्फुसाच्या कर्करोगाकडे येऊ. या रोगाच्या एका प्रकारात पेशीतली एक कळ बिघडलेली असते. विजेचे बटण चालू होऊन अडकले की दिवा जळतच राहतो. तशी ही कळ पेशीला "वाढ, वाढ" असे सांगतच राहते. तिचे नाव ईजीएफआर. विडी न ओढणाऱ्या रोग्यांत हा बिघाड अधिक आढळतो. गाठीच्या तुकड्यावरून तो ओळखता येतो. ही कळ दाबून ठेवणारी जेफिटिनिब नावाची गोळी आहे. गोळीने रोग मागे हटतो, परंतु काही महिन्यांनी तो दुसरी वाट काढतो आणि पुन्हा वाढू लागतो.

टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांना प्रश्न पडला. गोळीबरोबर सुरुवातीपासूनच केमोची दोन औषधे शिरेतून दिली तर? डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ ते २०१८ या काळात ३५० रोगी चाचणीत घेतले. या सर्वांचा रोग शरीरात पसरलेला होता. चिठ्ठीने १७६ जणांना नुसती गोळी मिळाली. १७४ जणांना गोळी आणि केमो दोन्ही मिळाली.

निकाल २०१९ साली जाहीर झाला. नुसती गोळी घेणाऱ्यांत निम्म्या रोग्यांचा रोग आठ महिने होईपर्यंत आटोक्यात होता. दोन्ही घेणाऱ्यांत निम्म्यांचा सोळा महिने आटोक्यात राहिला. म्हणजे मुदत दुप्पट झाली. पहिल्या गटातले निम्मे रोगी सतरा महिन्यांपर्यंत जगले. दुसऱ्या गटाचा हा आकडा तेव्हा काढताच आला नाही, कारण त्यातले निम्म्याहून अधिक जण हिशेबाच्या वेळी हयात होते.

परंतु हिशेबपट्टी पुरी वाचावी. जमा वाचली, आता खर्च वाचा. औषधांचा जोराचा त्रास नुसती गोळी घेणाऱ्यांत शेकडा २५ जणांना झाला. दोन्ही घेणाऱ्यांत शेकडा ५१ जणांना झाला. म्हणजे आयुष्य वाढले आणि त्रासही वाढला. दोन्ही गोष्टी कागदावर मांडल्या, म्हणून ही चाचणी चोख म्हणायची. ज्या औषधाचा जाहिरातवाला फक्त जमेची बाजू सांगतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

जपानातही याच प्रश्नावर चाचणी झाली. तेथेही गोळी आणि केमो मिळून रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. पुढे जेफिटिनिबहून नवी, ओसिमर्टिनिब नावाची गोळी आली. तिच्याबाबतही तोच प्रश्न अनेक देशांत मिळून विचारला गेला, आणि २०२३ साली तसेच उत्तर मिळाले. विहीर खोदताना एक थर फोडला की पुढचा थर लागतो. शोधाचे काम असेच चालते.

अशा मोठ्या चाचणीच्या आधी लहान चाचण्या होतात. पहिल्या पायरीवर थोड्या माणसांत औषध किती प्रमाणात सोसते ते पाहतात. दुसऱ्या पायरीवर रोगावर काही परिणाम होतो का ते पाहतात. तिसऱ्या पायरीवर शेकडो माणसांत जुन्याशी तुलना करतात. चौथी पायरी औषध बाजारात आल्यानंतरची. तेव्हाही त्यावर नजर ठेवतात. आपल्याला विचारणा झाली तर "ही कितवी पायरी?" असे अवश्य विचारावे. पहिल्या पायरीवर रोग्याला गुण येईलच असा भरवसा नसतो.

५. ओळखण्याची चाचणी, आधाराची चाचणी

चाचणी फक्त औषधाचीच होते असे नाही. रोग लवकर कसा ओळखावा, याचीही होते. अमेरिकेत ५३,४५४ माणसांची अशी एक चाचणी झाली. ही माणसे ५५ ते ७४ वयाची आणि खूप सिगारेट ओढलेली, परंतु तेव्हा आजाराची लक्षणे नसलेली होती. निम्म्यांची दरवर्षी कमी किरणांची सीटी स्कॅन तपासणी केली, निम्म्यांचा साधा छातीचा फोटो काढला. असे तीन वर्षे केले. २०११ साली निकाल आला. सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा २० नी कमी झाले.

मग आपणही सगळ्यांनी सीटी काढावी का? थांबा. सीटीत ज्यांच्या ज्यांच्या छातीत संशयाचा डाग दिसला, त्यांतल्या शेकडा ९६ जणांना कर्करोग नव्हताच! आपल्याकडे तर जुन्या टीबीचे व्रण कितीतरी छात्यांत असतात. तेथे असे खोटे संशय आणखी निघतील. म्हणून परदेशातला निकाल जसाच्या तसा उचलता येत नाही. कोकणातल्या भाताचे बियाणे निफाडात टाकून कसे चालेल? आपल्या माणसांत चाचण्या व्हाव्या लागतात, त्या यासाठीच.

तिसरी तऱ्हा आधाराच्या उपचाराची. दुखणे कमी करणे, दम कमी करणे, उलटी थांबवणे, झोप लागणे, मनाला धीर देणे, हे सगळे या उपचारात येते. लोकांना वाटते, डॉक्टरांनी हात टेकले म्हणजे मग हे करायचे. अमेरिकेत बोस्टन येथे याची चाचणी झाली. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच निघालेले १५१ रोगी घेतले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार आणि त्याबरोबर पहिल्यापासूनच आधाराचा उपचार दिला. २०१० साली निकाल आला. दुसऱ्या गटातल्या माणसांचे दिवस बरे गेले, त्यांच्यात मन खचलेले कमी निघाले. निम्मे रोगी किती काळ जगले, तो आकडा पहिल्या गटात सुमारे नऊ महिने होता, दुसऱ्यात साडेअकरा महिने. म्हणून दुखण्यावरचा उपचार मागायला लाजू नये. "सहन करतो" म्हणण्यात मोठेपणा नाही.

टाटा रुग्णालयानेही केमोने होणाऱ्या उलट्यांवर चाचणी केली. ओलान्झापिन नावाची गोळी उलटी थांबवते, परंतु तिने दिवसभर गुंगी येते. निरनिराळ्या कर्करोगांच्या रोग्यांत नेहमीची १० मिलिग्रॅमची मात्रा आणि फक्त अडीच मिलिग्रॅमची मात्रा यांची तुलना केली. २०२४ साली निकाल आला. लहान मात्रेनेही उलटी तितकीच थांबली आणि गुंगी कमी झाली. म्हणजे औषध चौपट कमी आणि सुख जास्त. असा शोध गरिबाच्या फार उपयोगाचा.

६. माणूस म्हणजे वेलीची ओळ नव्हे

बागेचे उदाहरण आम्ही दिले, परंतु ते एका ठिकाणी तुटते. द्राक्षाच्या ओळीला कोणी विचारत नाही, "बाई, तुझ्यावर नवे औषध मारू का?" माणसाला मात्र विचारावेच लागते. न विचारता केलेली चाचणी कितीही हुशारीची असो, ती अन्याय आहे.

असे अन्याय घडले आहेत. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब काळ्या माणसांवर एक अभ्यास चालला. त्यांतल्या शेकडो जणांना गरमीचा रोग होता. त्यांना खरे सांगितले नाही, आणि गुणकारी औषध निघाल्यावरही ते दिले नाही. आपल्याकडे २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरची लस टोचण्याचा प्रकल्प झाला. पुष्कळ मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. ओरड झाली, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस वाईट होती असे यावरून ठरत नाही. ती लस आज अनेक देशांत देतात. ज्याचे अंग त्यालाच किंवा त्याच्या आईबापांना नीट विचारले नाही, हा दोष होता.

आता आपल्या देशात २०१९ सालचे नवी औषधे व चाचण्यांविषयीचे नियम आहेत. त्यांतले आपल्या कामाचे एवढे लक्षात ठेवा.

पहिले, प्रत्येक चाचणीला आधी नीतिसमितीची परवानगी लागते. या समितीत निदान सात जण असतात. त्यांत डॉक्टर असतात, कायद्याचा जाणकार असतो, निदान एक स्त्री असते, आणि तुमच्या-आमच्यासारखा एक साधा नागरिकही असतो. निम्मे सदस्य त्या दवाखान्याच्या बाहेरचे असावे लागतात.

दुसरे, चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत व्हावी लागते. तिला सीटीआरआय म्हणतात. ती २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. ही वही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला नोंदणी क्रमांक द्या, तो पाहून सांगेल.

तिसरे, रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती सांगावी लागते. मराठी माणसाला मराठीत कागद मिळालाच पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवावा लागतो, आणि त्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर लागतो. मग रोगी अंगठा देतो आणि साक्षीदार सही करतो.

चौथे, कागदाची एक प्रत रोग्याला मिळते. ती मागून घ्यावी. रेशनकार्डासारखी जपून ठेवावी.

पाचवे, नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर तिच्यावरचा उपचार फुकट करावा लागतो, आणि भरपाईही द्यावी लागते.

सहावे, रोग्याला चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. कारण सांगावे लागत नाही. बाहेर पडला म्हणून त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

७. वर्गातल्या शंका

हा विषय आम्ही रात्रीच्या वर्गात काढला तेव्हा मंडळींनी पुष्कळ शंका विचारल्या. त्यांतल्या काही येथे देतो.

एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, साखरेची गोळी देऊन फसवलं तर?"

मावशी, ज्या रोगावर चांगला उपचार ठाऊक आहे, तेथे तो उपचार काढून घेऊन नुसती खोटी गोळी देत नाहीत. कधी कधी खऱ्या उपचारात भर म्हणून एका गटाला खरी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निकामी गोळी देतात. परंतु तसे असेल तर ते कागदावर लिहिलेले असावे लागते. म्हणून तर वाचायचे.

एका भाऊंनी विचारले, "नवं औषध म्हणजे चांगलंच असणार ना? मग चिठ्ठी कशाला? सगळ्यांनाच द्या की."

भाऊ, नवे ते चांगलेच, हे आधी ठाऊक असते तर चाचणीच लागली नसती. पुष्कळ नवी औषधे चाचणीत जुन्यापुढे हरतात. दोन्हींतले कोणते बरे, हे डॉक्टरांनाही खरोखर ठाऊक नसते, तेव्हाच चिठ्ठी टाकणे न्यायाचे ठरते.

"मग आमच्या माणसाचा फायदा काय?" असे एका ताईंनी विचारले.

ताई, फायदा होईलच असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. फायदा होईल किंवा होणारही नाही. तपासणी बहुधा अधिक वेळा होते, हे खरे. फेऱ्याही वाढतात, हेही खरे. पिंपळगावहून परळला जास्तीच्या फेऱ्या म्हणजे गाडीभाडे आले आणि शेतातला खाडा आला. ते सगळे धरून ठरवावे. पुढच्या रोग्याला मात्र या माहितीचा उपयोग नक्की होतो. आज आपल्याला जे औषध मिळते, ते आपल्या आधीच्या कोणाच्या तरी होकारामुळे मिळाले आहे.

शेवटी एक म्हातारबाबा म्हणाले, "मी नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील."

बाबा, रागावण्याचा त्यांना हक्क नाही. नियमाने तुमचा नकार होकाराइतकाच मानाचा आहे.

८. कागद हातात आल्यावर

कागद हातात आला की घाई करू नये. "घरी वाचतो, उद्या सांगतो," असे म्हणावे. मग पुढील गोष्टी कागदात शोधाव्या. सापडल्या नाहीत तर विचाराव्या.

ही चाचणी कशासाठी आहे? ती कितवी पायरी? मी चाचणीत गेलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? गट किती, आणि कोणत्या गटाला काय देणार? त्रास कोणते होऊ शकतात? दवाखान्यात किती वेळा यावे लागेल, आणि किती दिवस? औषधाचा, तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार? नोंदणी क्रमांक कोणता? रात्रीबेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? माझे नाव गुप्त राहील ना?

उत्तरे मिळाली, मनाला पटली, तर हो म्हणावे. पटली नाहीत तर नाही म्हणावे. रोगी शुद्धीवर आहे, तोवर होकार त्याचाच. मुलाने बापाला न सांगता सही करू नये. बापाला रोगाचे नाव सांगायलाही घरचे भितात, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याला रोगाचे नावच ठाऊक नाही, तो चाचणीला होकार कसा देणार? त्याला हळुवारपणे, पण खरे सांगावे.

अंगठा कागदावर उठतो, परंतु कागदात काय आहे ते अंगठ्याला कळत नाही. ते डोळ्यांना कळते. तुम्ही थकल्याभागल्या अंगाने रात्री कंदिलाच्या नाही तरी विजेच्या दिव्याखाली बसून ही अक्षरे गिरवलीत. ती अक्षरे बाजारात पैसे वाचवतात, आणि एखादे दिवशी घरातल्या माणसाच्या जिवाचा निर्णयही तुमच्या हातात ठेवतात.

स्वाध्याय

१. खोकला किती आठवडे राहिला तर दवाखान्यात जावे?
२. चाचणीत चिठ्ठी का काढतात? बागेचे उदाहरण देऊन सांगा.
३. परळच्या चाचणीत जमा काय आणि खर्च काय, ते दोन ओळींत लिहा.
४. वाचता न येणाऱ्या रोग्याची संमती घेताना आणखी कोण हजर असावे लागते?
५. "ही चाचणी कशासाठी आहे?" हा प्रश्न सुवाच्य अक्षरात तीनदा लिहा. त्याखाली आपली सही करा.